पंधरा किलो

"बंद केलंय तरी वजन दाखवतंय बघ, ताई. या मशीनला माझंच वावडं आहे," धाकटा भाऊ कुरकुरला.

ताईने वाकून पाहिलं. दाब देणारा दांडा हाडापासून चांगला बोटभर वर होता, मध्ये नुसती हवा. खाली पकडीत मांडीचं प्लास्टिकचं हाड, त्याच्या पोकळीत धातूची सळई, टोकाला दोन स्क्रू. अशा सळया लाखो वेळा दाबून त्या कधी मोडतात हे पाहणं, हेच दोघांचं काम.

स्क्रीनवर आकडा चढला. सात, अकरा, पंधरा. मग शून्य. पुन्हा सात, अकरा, पंधरा.

मांडीत अशीच सळई बसवल्यावर आई रोज सकाळी भिंत धरून तो पाय वजनकाट्यावर टेकवायची आणि पंधरा किलो झाले की उचलायची. डॉक्टरांनी तेवढीच मुभा दिली होती. "माझ्याच घरात चोरपावलांनी चालतेय," म्हणत हसायची. चौथ्या आठवड्यात स्क्रू मोडला, सळई वाकली, आणि दुसऱ्या ऑपरेशनमधून ती परत आलीच नाही. असं कशानं झालं, हे वर्षभरात घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

आकडा पुन्हा पंधरावर आला. या वेळी तो खाली गेला नाही. विचारल्यासारखा थांबून राहिला.

ताई स्क्रीनजवळ सरकली.

"मीच म्हणाले होते गं, आई," ती म्हणाली. "पुरे झाले लाड, टेकव आता सगळा पाय."

आकडा सोळा झाला. मग सतरा.