पावणेनऊची खोट

"ही पेटी सगळं लिहून ठेवते, काकू. कधी किती वीज गेली, मिनिटामिनिटाचं," तपासणीला आलेला सोलारवाला म्हणाला, आणि काकूंनी चमकून पेटीकडे पाहिलं.

लिथियम बॅटरीची ती पेटी येऊन आठच दिवस झाले होते. टेकडीवरच्या त्या घरापर्यंत विजेचे खांब कधी पोचलेच नाहीत. छपरावरची चार पॅनेलं आणि जिन्याखालच्या शिशाच्या चार बॅटऱ्या, एवढ्यावर अकरा वर्षं संसार चालला. त्या बॅटऱ्यांना काकांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. दर रविवारी डिस्टिल्ड वॉटर पाजलं, जुन्या टूथब्रशने त्यांची टोकं घासली, आणि घराला एक कायदा घालून दिला: बारा वाजेपर्यंत मिक्सर लावायचा नाही. सकाळचं ऊन आधी बॅटऱ्यांच्या पोटात गेलं पाहिजे. जेवण मात्र त्यांना साडेबाराच्या ठोक्याला लागे. हे दोन्ही कसं जमायचं, ते कायद्यात नव्हतं.

काकूंनी जमवलं होतं. रोज पावणेनऊला काका फडकं घेऊन पॅनेलं पुसायला शिडी चढत. त्यांची पाठ वळली की काकू मिक्सरखाली टॉवेल घालत, वरून जुनी रजई पांघरत आणि वाटण उरकून घेत. काका खाली येऊन बॅटऱ्यांचं मीटर बघत, तर आकडा चढायच्या ऐवजी उतरलेला. मग ते तिसऱ्या बॅटरीला बोल लावत. आल्यागेल्याला तिच्याजवळ नेऊन सांगत, की बाकीच्या तिघी गुणी आहेत, हीच काय ती पावणेनऊला खोड काढते. काकू पाहुण्यांपुढे चहा ठेवत आणि ब्र काढत नसत. मागच्या आठवड्यात बॅटऱ्या टेंपोत चढल्या तेव्हा त्यांनी तिसरीवरून हळूच हात फिरवला होता. बिचारी अकरा वर्षं त्यांच्यासाठी बोलणी खात आली होती.

नव्या पेटीवर मिक्सर केव्हाही लावा, असं सोलारवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. काका म्हणाले, आधी महिनाभर तिची चाल बघू. त्यामुळे कायदा तसाच राहिला, आणि रजईही. पण ही पेटी पाणी मागत नव्हती, वास मारत नव्हती, आणि वाटण झालं तरी मीटरचा आकडा जागचा हलत नव्हता. इतकी समंजस बॅटरी काकूंनी पाहिली नव्हती. ती मुकाट्याने सगळं लिहून ठेवत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

सोलारवाल्याने मोबाइल काकांपुढे धरला. पडद्यावर आठ दिवसांची एक सपाट रेघ होती आणि तिच्यावर आठ सुळके.

"काका, हे रोज पावणेनऊला पाचशे वॉट कोण ओढतंय?"

काकांनी चष्मा पुसला. आता आपलं बिंग फुटणार, हे काकूंना कळून चुकलं. मिक्सरचं भांडं ओट्यावर पालथं पडलं होतं, अजून ओलं होतं. काकांनी सुळके एक एक करून मोजले. मग मान वळवून त्यांनी ओट्याकडे पाहिलं, आणि मोबाइल परत दिला.

खोट वायरिंगमध्ये आहे, ते म्हणाले. जुनं झालंय.

"अहो, वायरिंग मागच्या आठवड्यात मीच नवीन टाकलं."

"मग तूच चुकला असशील. चहा घे."

सोलारवाल्याने चहा घेतला, पण तो त्याला गोड लागला नाही. जाईपर्यंत तो भिंतीवरच्या वायरीकडेच बघत होता.

 त्या दिवशी काका त्यावर काही बोलले असते तर काकूंना बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी पावणेनऊला ते फडकं घेऊन शिडी चढले. काकूंनी रजईची घडी घालून ती कपाटात ठेवून दिली होती. वाटणाचं सगळं भांड्यात भरून तयार होतं, पण बटणाकडे हात जाईना. काका उतरले की सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून काकू ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

वर फडक्याचा आवाज झाला. चार पॅनेलं पुसून झाली. आवाज थांबला. तरी शिडी वाजेना.

बराच वेळ गेला. मग छपरावरून काकांची हाक आली.

"अगं, आज अजून आवाज नाही आला. लाव की लवकर, इथं ऊन डोक्यावर यायला लागलंय."