जाड, मधला, बारीक

"आवाज घोगरा येऊन राह्यला," रंगूबाई म्हणाली. "माया पोरगा इंद्रभान असा बोलत नाही."

भिवाजीनं बिस्किटाच्या डब्यावरचं पहिलं बटन मागं फिरवलं. डबा त्यानंच बनवलेला. त्यावर तीन बटनं: जाड आवाज, मधला, बारीक. आसेगावात रेडिओ दुरुस्त करणारा तो एकटाच.

"मावशी, स्पीकरचा दोष हाय. माठाच्या तोंडावर बसवला ना, जाड आवाज लय घुमते."

"मंग माठ फोडू काय?"

"नोको. डबा करते बरोबर."

रंगूबाईचा पोरगा नागपुरात साहेब झाला होता. साहेबाला घरी यायला सवड नव्हती, चार ओळी खरडायलाही नव्हती. मागच्या उन्हाळ्यात रंगूबाईनं अंथरूण धरलं, भाकर सोडली. मग भिवाजीच्या हाती इंद्रभानची पहिली टेप आली, आणि म्हातारी उठून चुलीपुढं बसली. आता टेप दर महिन्याला यायची. भिवाजीला धास्ती एकच. आवाज जरा इकडंतिकडं झाला, तर ही पुन्हा भाकर सोडेल.

त्यानं टेप मागं नेऊन लावली.

"जय भीम, माय. मी मजेत हाओ. टायमावर जेवत जाय."

"आता नाकातून बोलते."

भिवाजीनं मधलं बटन उतरवलं, बारीक चढवलं. कपाळावरचा घाम पुसला.

"आता?"

"हां. आता तो वाटते. लाव बरं ते पयलं पुन्हा."

"दरवेळी पयलंच काहून? पुढं लय हाय."

"लाव म्हटलं ना!"

"जय भीम, माय."

रंगूबाई डोळे मिटून हसली. भाकरीचे दोन तुकडे करून मोठा तिनं भिवाजीपुढं सरकवला, वर गुळाचा खडा ठेवला.

"खाय. घसा बसला तुया."

"धुळीनं बसला, मावशी." तो वायरी गुंडाळू लागला. "पुढच्या महिन्यात अजून साफ करतो आवाज."

"कायले?" तिनं त्याच्या हातातली वायर काढून घेतली. "नोकरी लागल्यापासून माया पोरानं तोंडातून जय भीम काढला नाही. हापिसात कोणाले समजू नये म्हणून नमस्कार म्हणते. मागं घरी आला तवा मलेबी नमस्कारच म्हटला."

भिवाजीचा घास हातातच राहिला.

"पुढच्या खेपेले डबा नोको आणू, बाबू. दारातूनच म्हणत ये: जय भीम, माय."