मुकादमाची दाढ

बसड्रायव्हर बाथरूमच्या फरशीवर मांडी घालून बसला होता. त्याच्या बोटावर रबरी टोपीसारखा ब्रश होता, ब्रशवर चिकनच्या वासाची पेस्ट होती आणि समोर मुकादम तोंड गच्च मिटून बसला होता.

मुकादम म्हणजे खालच्या मजल्यावरच्या बाईंचा कुत्रा. फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायचा, म्हणून सगळ्या इमारतीने त्याला मुकादम करून टाकलं होतं. बाई दवाखान्यात गेल्यापासून तो वर, ड्रायव्हरच्या घरी होता.

"आ कर," ड्रायव्हर म्हणाला.

मुकादमाने मान फिरवली.

"बाबा रे, उघड की तोंड."

"अहोजाहो करून बघा," दारातून बायको म्हणाली.

ड्रायव्हरने हळूच त्याच्या ओठाखाली बोट सरकवलं. मुकादम असा काही गुरगुरला, की हात मागे घेताना पेस्ट ड्रायव्हरच्याच मिशीला लागली. बायको हसली, पण थोडंच. जनावरांच्या डॉक्टरने सकाळीच सांगितलं होतं. हिरड्या सुजल्यात, रोज दात घासले तर दाढ वाचेल. नाहीतर काढावी लागेल, आणि एवढ्या म्हाताऱ्या कुत्र्याला भूल देणं काही खरं नाही.

"बाईंकडून कसे मुकाट घासून घ्यायचा," बायको म्हणाली. "त्या काहीतरी म्हणायच्या बघा त्याला. मी जिन्यातून ऐकलंय. तेवढं म्हटलं की हा तोंड उघडायचा."

"काय म्हणायच्या?"

"तेच तर आठवत नाहीये."

मग दोघांनी सुचेल ते म्हणून पाहिलं. बघू. दाखव. हस. शहाणा तो. ड्रायव्हरने तर स्वतःच आ करून दाखवला. मुकादम एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. ही माणसं आज अशी का वागतायत, ते काही त्याच्या ध्यानात येईना.

शेवटी बायकोने दवाखान्यात बाईंजवळ असलेल्या भाचीला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि ड्रायव्हरने अडचण सांगितली.

"मावशीला विचारून काय उपयोग, काका?" भाची हळू आवाजात म्हणाली. "झटका आल्यापासून एक अक्षर बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात, रोज थोडा आवाज काढा, वाचा परत येईल. पण ती ओठच उघडत नाही. वेडंवाकडं येतं ना तोंडातून, त्याची लाज वाटते. जन्मभर वर्गात बोललेली बाई."

"फोन नुसता त्यांच्या कानाशी तरी धर," ड्रायव्हर म्हणाला. मग बसच्या मागच्या सीटपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात ओरडला, "बाई, मी वरचा बसवाला! हा मुकादम दात घासू देत नाही हो. दाढ जाईल त्याची. काय म्हणता तुम्ही त्याला?"

पलीकडे नुसता श्वास. दूर कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजली.

"बाई? ऐकू येतंय ना?"

बऱ्याच वेळाने, खरवडून काढल्यासारखा एक आवाज आला.

"हूऽ... आऽ."

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"कुणास ठाऊक."

मुकादम मात्र ताडकन उठला. त्याने फोन हुंगला, फोनच्या मागे जाऊन पाहिलं. मग परत जागेवर येऊन बसला, मान वर केली आणि तोंड उघडलं.

ड्रायव्हरने श्वास रोखून एका बाजूचे दात घासले. सुजलेल्या दाढेवरून बोट अलगद फिरवलं. तेवढ्यात मुकादमाने तोंड मिटलं. दुसरी बाजू राहिलीच होती.

ड्रायव्हरच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून फोनवर अंगठा दाबला आणि मुकादमाच्या कानाशी वाकून म्हणाला, "हूऽ आऽ."

मुकादमाने लगेच तोंड उघडलं. चांगलं मोठं.

"जमलं की हो तुम्हाला!" बायको खूश झाली. "ठेवा आता फोन. बाईंना कशाला दमवता उगीच."

फोनमधून भाचीचा आवाज येत होता. ती हसत होती की रडत होती, ते नीट कळत नव्हतं. "काका, मावशी बोलली हो! काका, आहात ना? झालं का काम? ती विचारतेय, खुणेने."

ड्रायव्हर क्षणभर फोनकडे बघत राहिला. मग त्याने अंगठा काढला.

"कुठलं होतंय," तो म्हणाला. "अर्धंच झालं. माझं ऐकतच नाही हा. बाईंनाच म्हणावं लागणार. आणि आजच्यापुरतं नाही, रोज संध्याकाळी. मी फोन करत जाईन."

"अहो, पण..." बायकोला काहीच कळेना. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे बोट केलं.

मुकादम केव्हाचा आ वासून बसला होता.