आधी वाफ

"आणि हे सॉफ्टवेअर?" साहेबांनी तिसरं नाव घेतलं.

"नाही वापरलं," ती म्हणाली. "पण शिकेन. आधीच्या कंपनीतलंही तिथंच शिकले होते."

ती कंपनी बंद पडली होती. यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याखेरीज तिला दुसरं काम येत नव्हतं, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

"शिकाल हो, पण माणूस सोमवारपासून हवाय. शिकवत कोण बसणार?" साहेबांच्या सुरात वाईटपणा नव्हता. "लिहायला काय, कुणालाही येतं. हे बघा, आमच्याकडं काम कसं निघतं ते."

त्यांनी एक गुळगुळीत पान पुढे सरकवलं. दवाखान्यातली अवजारं वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्राचं. रंग सुरेख, चित्रं रेखीव. सवयीप्रमाणे ती ओळीखाली बोट धरून वाचू लागली. चौथी पायरी: झाकण उघडा. पाचवी: झाकण उघडण्यापूर्वी वाफ पूर्ण सोडल्याची खात्री करा.

बोट तिथंच थांबलं.

"साहेब, पाचवी चौथीच्या आधी हवी. माणूस वाचता वाचताच हात चालवतो. पाचवीवर येईपर्यंत त्याचा हात भाजलेला असेल."

साहेब पानावर वाकले. "क्रमांक सॉफ्टवेअर आपोआप टाकतं," ते म्हणाले आणि पान फायलीत परत ठेवलं. "बरं, कळवतो तुम्हाला."

कळवतो म्हणजे काय, ते तिला कळलं. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली, एक थांबा पुढे उतरली आणि तेवढं अंतर मागे चालत आली.

घरी लेकीने नुकताच कुकरखालचा गॅस बंद केला होता.

"मिळाली?"

"नाही."

"परत सॉफ्टवेअर आडवं आलं?"

"हं."

लेकीच्या पोटात कावळे ओरडत होते, तिने सरळ कुकरच्या झाकणाला हात घातला.

"आधी वाफ जाऊ दे. मग झाकण."

"आई, हे काय सांगावं लागतं? कुणालाही कळतं."

पण हात तिने मागे घेतला होता. खांद्यावरची पर्स न काढताच आई ओट्याशी उभी राहिली, वाफ पूर्ण जाईपर्यंत.