पात्यातला ओठ

दुष्काळ पडला होता. आश्रुबा उद्या कारखान्याच्या ऊसतोडीला निघणार, म्हणून मुलाला, निवृत्तीला, दाढी करायला शिकवून जावं असं त्यांच्या मनात आलं. दोघं केजच्या हरिबा न्हाव्याकडे आले. हरिबानं अभंग गुणगुणत वस्तऱ्याला धार लावली. पाणी नव्हतं, म्हणून तेल लावलेल्या दगडावरच पातं फिरत राहिलं.

पात्यात हरिबाला निवृत्तीचा ओठ दिसला, मिशी नसलेला. समोर मात्र त्याची कोवळी मिशी जागेवरच होती.

बाप जिवंत असेपर्यंत मिशी उतरवायची नाही, ही इकडची रीत.

हरिबाचा अभंग थांबला. "आश्रुबा, उद्या जाऊ नगा."

"कावून? पोटाचं तू बघणार का, लेका?" आश्रुबांनी हसत पोराला जवळ ओढलं, हरिबाच्या हातातलं पातं घेऊन दोघांसमोर धरलं.

"पोरगा दिसतोय. मी कावून न्हाई दिसत, हरिबा?"