पडलेला चेहरा

बागेतला घोड्यांचा गोल पाळणा आमच्या यांनी बावीस वर्षं चालवला. मुलांना घोड्यावर बसवताना हसायचं, हा तिथला नियमच होता. गेल्या वर्षी बाग बंद पडली आणि हे घरी बसले.

मग काही चित्रकारांनी त्याच मोडक्या बागेत प्रदर्शन मांडलं, 'उदास बाग' नावाचं. भिंतींवर रडकी चित्रं, पाळण्यावर मुंडकी नसलेले घोडे, आणि लोकांना तिकीट काढून दुःखी व्हायची सोय. पाळण्यापाशी उभं राहायचं काम यांना मिळालं. अट एकच, चेहरा पाडून उभं राहायचं. तीनदा हसताना दिसलात की घरी.

आठवडाभर मी आरशासमोर यांची तालीम घेतली. "अहो, माझ्या माहेरच्यांना आठवा," म्हटलं, तर यांना आणखीच हसू फुटायचं.

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत तीन मुलं त्या घोड्यांवर बसायला आली. प्रत्येकाला उचलताना यांचा चेहरा सवयीने फुलला. मुख्य चित्रकाराने तिथल्या तिथे कामावरून काढलं.

मी डबा घेऊन फाटकाशी पोचले, तर हे पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येत होते. मागून तो चित्रकार धावत आला. वाटलं, दया आली असेल. "काका, जरा असेच थांबा," म्हणाला आणि त्याने यांचा फोटो काढला.

चार दिवसांनी फाटकाशेजारच्या भिंतीवर यांचा चेहरा रंगवलेला दिसला, दोन मजले उंच. खाली लिहिलं होतं,

"असा चेहरा असलेले कामगार पाहिजेत."