गाळलेलं वाक्य

"मले तहान लागली."

वधस्तंभावरून आवाज आला आणि पडद्यामागे पाळक सुरेंद्रभाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या नाटकातून बायबलमधलं हे वाक्य त्यांनी स्वतः गाळलं होतं. "देवाले तहान लागते म्हनलं तं गाव हासन," असं भूपेशला तालमीतच बजावलं होतं. दर रविवारी 'प्रभू खरा देव आणि खरा माणूस' असं शिकवणारे सुरेंद्रभाऊ चारचौघांत मात्र नुसता देवच दाखवायला निघाले होते. आणि भूपेश पडला वडशाच्या नाटक कंपनीतला कसलेला नट. प्रभूचं काम मिळाल्यावर असलं वाक्य तो सोडतो होय?

एप्रिलमधली दुपार होती. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांचा लाल धुरळा चर्चच्या पटांगणात बसलेल्यांच्या डोक्यांवर उतरत होता. भूपेशचे हात आडव्या लाकडाला कापडाने बांधलेले होते. मान छातीवर पडली होती, आणि बराच वेळ ती हललीच नव्हती. "काय अॅक्टिंग करून राह्यला गा!" कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या.

"मले तहान लागली."

या वेळी टाळी पडली नाही. वीज मघाशीच गेली होती, माईक बंद होता. तरी शेवटच्या रांगेतल्यालासुद्धा वाटलं, कुणीतरी अगदी आपल्या कानाशी बोललं. एक लेकरू आईच्या पदरात तोंड खुपसून रडायला लागलं.

मागून म्हातारी सुकरी उठली. ती ख्रिस्ती नव्हती, नाटक बघायला आली होती. तिच्या नवऱ्याच्या अंगात गावदेव यायचा. तेव्हा पाण्याचा गडवा घेऊन शेजारी उभं राहायचं काम तिने जन्मभर केलं होतं. आताही ती गडवा घेऊनच निघाली.

"बाई, खाली बसा! तो देव हाय, त्याले काई होत नाई," सुरेंद्रभाऊ पडद्याआडून ओरडले.

"देव असन. पन आंग तं मानसाचंच हाय न, भाऊ? आंग मरते."

ती वधस्तंभाला टेकवलेली शिडी चढली. तिने भूपेशची हनुवटी वर उचलली आणि किंचाळली. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. तो कधीचाच बेशुद्ध पडला होता.

लोक धावले. त्याला खाली उतरवून झाडाखाली निजवलं, अंगावर ओली चादर टाकली. सुकरीने बोटं भिजवून त्याचे ओठ हळूहळू सोडवले आणि घोट घोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. सुरेंद्रभाऊंना रडूच कोसळलं.

"माफ कर बाबू. बरं झालं, माह्यं न आयकता ते वाक्य बोलला. नाईतं आज तुले मीच मारलं असतं."

भूपेशने ओठांवरून बोट फिरवलं.

"मी नाई बोललो, भाऊ. उन्हानं नकली दाढीचा डिंक वितळून तोंडावर आला, ओठ चिकटले. लय जोर लावला मी. आवाजच नाई निघाला."

 सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. रिकाम्या वधस्तंभावर कापडाच्या गाठी लोंबत होत्या.

सुकरीने गडवा पुन्हा भरला आणि शिडीला हात घातला.

"मंग अजून एकाले पानी द्याचं राह्यलं," ती म्हणाली.